पासवाल्यांच्या गावाचा इतिहास-भूगोल

चंडीगडमध्ये नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, कुठला सेक्टर. नाव-गाव, जात-गोत, नवरा काय करतो, हे सगळं नंतर. सेक्टरचा आकडा कळला की समोरच्याला तुमचं घर, तुमची बाग आणि तुमच्या नवऱ्याचा पगार एकदमच दिसतो. माझी पंचाईत अशी की मला सेक्टरच नव्हता. शहरातल्या मराठी बायका रविवारी एकमेकींकडे जमायच्या. त्यात मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई असायच्या, तीस सेक्टरच्या प्रयोगशाळेत नवरा असलेली माझी एक मैत्रीण असायची, चंडीमंदिरच्या छावणीतून एक मेजरीणबाई जीपमधून यायच्या. मी सांगायची, "मी रुळाजवळ राहते." त्यावर कोणीतरी मायेने चिवड्याची बशी माझ्याकडे सरकवायचं.

खरं तर मी भुसावळची. आमच्या गावात रुळाजवळ राहत नाही असा माणूस शोधावा लागतो. माझे वडील गार्ड, दोन काका ड्रायव्हर, त्यामुळे स्टेशन मास्तरचं स्थळ आलं तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं, की चला, मुलगी घरातच राहिली. फक्त हा मास्तर उत्तरेच्या रेल्वेत भरती झालेला होता आणि त्याचं स्टेशन चंडीगडहून कालक्याकडे जाताना वाटेत लागायचं. "लागायचं" म्हणजे काय, तर खिडकीत बसून शेंगा सोलत असाल आणि मान वर करायला उशीर केलात तर लागायचंच नाही.

तिथला भूगोल सांगते, कारण मी इतिहास-भूगोल घेऊन बी.ए. झाले होते आणि त्याचा मला त्या वयात फार तोरा होता. उत्तरेला डोंगर. दक्षिणेला शहर, पण ते झाडांत लपलेलं. पूर्व-पश्चिमेला एकेक ओढा. तिकडे त्याला "चो" म्हणतात. पावसाळा सोडला तर त्यात फक्त वाळू आणि म्हशी. मधे एकेरी रूळ, गाड्यांनी एकमेकींना वाट द्यावी म्हणून त्याला फुटलेली एक बाजूची लाईन, आणि रुळाच्या कडेला पसरलेली खडी, जिला आम्ही फलाट म्हणत असू. फलाट जमिनीलाच टेकलेला असल्यामुळे डब्यात चढायचं तर आधी पदर खोचायचा, मग देवाचं नाव घ्यायचं. मास्तरांची दोन क्वार्टरं, बाकी गाडीची लाईन बदलणारे सांधेवाले, फाटकवाले आणि रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगची घरं. एक शिसवीचं मोठं झाड. एक हातपंप.

हा हातपंप हरियाणात होता. फाटक चंडीगडात आणि गँगच्या मुकादमाचं घर पंजाबात, असं सगळे सांगायचे. सीमा नक्की कुठून जाते ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पण ते पंजाबातल्या दहशतवादाचे दिवस होते, त्यात सीमा माहीत असावी लागायची. एकीकडे संचारबंदी लागायची आणि दुसरीकडे नसायची. मग मुकादमाची बायको घागर घेऊन स्वतःच्या दारात उभी राहून ओरडून विचारायची, की मी आता कुठे आहे, आणि आम्ही अलीकडून सांगायचो, की तू पंजाबात आहेस, दोन पावलं टाक, हरियाणात ये आणि पाणी भर. असं म्हणून आम्ही दोन्ही राज्यांत मिळून इतक्या हसायचो की पंपाचा दांडा हलायचा नाही.

दिवस मात्र वाईट होते, ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. रेडिओ लावला की रोज कुठे ना कुठे माणसं मेलेली असायची. बस अडवून माणसं खाली उतरवून मारत. रात्रीच्या गाड्या बंद केल्या होत्या. मेल येण्याआधी एक सुटं इंजिन पुढे धावून जायचं, रुळाखाली काही ठेवलं असेल तर आधी ते उडावं म्हणून. त्या इंजिनात बसणाऱ्या माणसांना आमचे सगळे लोक न चुकता हात करायचे. आमच्या फलाटावर वाळूच्या पोत्यांची भिंत रचली होती आणि तिच्या आड दोन जवान बंदुका घेऊन बसायचे. त्यांना आळीपाळीने सगळ्या घरांतून जेवण जायचं, त्यामुळे दोघेही चांगले गुटगुटीत झाले होते.

अशा दिवसांत मला बी.एड. करायची हुक्की आली. आमच्या ह्यांनी एका अटीवर हो म्हटलं: जायचं-यायचं गाडीनेच, बसने नाही. आमच्याकडे दिवसाला एकच पॅसेंजर थांबायची. सकाळी कालक्याकडून यायची, मला घेऊन शहरात जायची आणि उन्हं कलताना मला परत आणून टाकायची. माझं कॉलेज त्या डब्याच्या पायरीवर सुरू व्हायचं आणि पायरीवर संपायचं. ह्यांची ड्युटी असली की हे दिवा-झेंडी घेऊन उभे असायचे आणि मी समोरून चढत असताना माझ्याकडे असं बघायचे, जणू या बाईला आपण ओळखत नाही. नियमाचा माणूस. ड्युटीवर बायकोकडे बघून हसू नये असा नियम पुस्तकात कुठे आहे ते मी खूप शोधलं, मला सापडला नाही.

त्या हिवाळ्यात एका दुपारी हे जेवायला आले आणि भाकरी मोडून तशीच ठेवली. मी विचारलं, काय झालं.

म्हणाले, "वरून विचारणा आलीय. इथून तिकीट विकलं जात नाही. थांबा काढून टाकणार."

"मग मी कॉलेजला कशी जाऊ?"

त्यावर त्यांनी भाकरीचा तुकडा उचलला आणि परत ठेवला. ते उत्तर मला कळलं. माझं अर्धं वर्ष झालं होतं. उरलेलं अर्धं त्या तुकड्यासारखं ताटात पडून राहणार होतं, आणि मला इतका राग आला की कोणावर काढावा तेच समजेना.

तिकीट विकलं जात नव्हतं ही गोष्ट खरी होती. पण का, तर आम्ही सगळे पासवाले होतो, रेल्वेच्या नोकरांना मिळणाऱ्या फुकट पासावर फिरणारे. मी पासवाली, माझ्या शेजारची जोडीच्या मास्तरांची बायको पासवाली, मुकादम, सांधेवाले, त्यांच्या बायका, शाळेत जाणारी पोरं, सगळे पासवाले. आधी आसपासच्या खेड्यांतून दूधवाले, भाजीवाल्या तिकीट काढून यायच्या. वाळूची पोती आणि बंदुका आल्यावर त्यांनी येणं सोडलं. उरलो आम्ही. रोज गाडीत चढायचो, उतरायचो, जागेवरून भांडायचो, आणि कागदावर या स्टेशनात कोणी राहतच नव्हतं.

आम्हां मंडळींच्या हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. आमच्यात तिकीट काढणं म्हणजे कमीपणा. भुसावळला माझ्या एका मामांनी घाईत तिकीट काढून प्रवास केला होता, ते घरात अजून त्यांना ऐकवतात.

पंधरवड्याने वाहतुकीचे एक मोठे साहेब जातीने पाहायला येणार असं कळलं. सकाळच्या पॅसेंजरने कालक्याहून येणार, दिवसभर पाहणी करणार, परतीच्या पॅसेंजरने जाणार. शिसवीच्या झाडाखाली सभा भरली. आमचे हे सभेला आले नाहीत. कारण ऐकलं असतं तर त्यांना ते अधिकृतपणे माहीत झालं असतं. मुकादमाने सूत्रं हाती घेतली. त्या दिवशी पास घरी ठेवायचे. सगळ्यांनी तिकिटं काढायची. निम्म्यांनी गाडीत चढायचं आणि निम्म्यांनी फलाटावर उभं राहून त्यांना निरोप द्यायचा, म्हणजे साहेबाला स्टेशन कसं गजबजलेलं दिसेल. आणि साहेबाने विचारलं की हे स्टेशन मुळात इथे का आहे, तर त्याला नीट इतिहास-भूगोल सांगायला कोण, तर मी. शिकलेली सून म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे असं कौतुकाने पाहिलं की मी मान डोलावून बसले.

भूगोल माझा पाठ होता. इतिहास गोळा करायला मी घरोघर फिरले आणि माझी करमणूक झाली. मुकादम म्हणाला, रूळ टाकणाऱ्या गोऱ्या इंजिनिअरचा घोडा इथे लंगडला, म्हणून त्याने तंबू ठोकला आणि तंबूभोवती स्टेशन झालं. सांधेवाला म्हणाला, घोडा-बिडा काही नाही, डोंगर चढण्याआधी वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचं. आणि त्याने मला पिंपळ उगवलेली पाण्याची जुनी टाकी दाखवली. जोडीच्या मास्तरांच्या बायकोला पक्कं ठाऊक होतं की एका मडमेला इथून डोंगर फार आवडले. मी सगळं लिहून घेत होते आणि प्रत्येकाला सांगत होते की तुमचंच खरं.

शेवटी बीजींकडे गेले. बीजी म्हणजे फाटकवाल्याची आई. वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई, आणि सगळ्यात फटकळ. माझ्या हातचं वरण खाऊन "आजारी आहेस का" असं विचारणारी. बीजी खाटेवर बसून मेथी निवडत होत्या. मी घोडा, टाकी आणि मडम सांगितली. त्यांनी मेथीचं एक देठ माझ्या अंगावर फेकलं.

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्याआधी इथे काही नव्हतं. फाळणीच्या वर्षी पलीकडून निघालेली गाडी कुठून कुठून फिरून कालक्याच्या छावणीकडे चालली होती. बीजी नव्या नवरी, नवरा, आणि डब्यात माणसांवर माणसं. गाडी इथे थांबली. नवरा पाणी आणायला खाली उतरला, शेत पाहिलं, विहीर पाहिली आणि बीजींना हात करून म्हणाला, उतर. पुढे कुठे जायचंय ते आपल्याला कुठे ठाऊक आहे. त्या उतरल्या. त्याला फाटकावर नोकरी लागली, मग मुलाला लागली. तेव्हापासून बीजींच्या दारावरून रोज गाड्या जात होत्या आणि त्या एकदाही कुठल्या गाडीत चढल्या नव्हत्या. मुलीच्या लग्नाला त्या ट्रॅक्टरवर बसून गेल्या. डोळ्याच्या ऑपरेशनला शहरात दुधाच्या रेड्याच्या गाडीतून गेल्या आणि दोन दिवस त्यांच्या अंगाला दुधाचा वास येत होता.

"एक वारी बैठी," त्या मला म्हणाल्या, "बहोत है." एकदा बसले, तेवढं पुरे. आणि परत मेथी निवडायला लागल्या.

मी ठरवलं की साहेबांपुढे बीजींनाच उभं करायचं. त्या काही त्या दिवशी कुठे जाणार नव्हत्या. अख्ख्या वस्तीत जागेवर सापडेल असं एकच माणूस होतं ते.

तो दिवस उजाडला तेव्हा थंडी मी म्हणत होती आणि तिकीट खिडकीपुढे रांग लागली होती. आमच्या स्टेशनाला रांग. हे आतून पुठ्ठ्याची तिकिटं काढत होते. ती इतकी वर्षं पडून होती की पिवळी झाली होती. तारीख मारायचं यंत्र गंजून अडकलं होतं, त्याला सांधेवाल्याने सांध्याचं तेल पाजलं, मग ते तारखेबरोबर तेलाचा ठिपकाही मारायला लागलं. लोक तिकीट हातात घेऊन उलटसुलट बघत होते. मुकादमाच्या पोराने ते चाटून पाहिलं. बायकांनी लग्नात नेसायचे सलवार-कमीज बाहेर काढले होते, पुरुषांनी पगड्यांना खळ केली होती, आणि दोन्ही जवान पोत्यांवरून वाकून म्हणत होते, यार, आम्हाला पण एकेक द्या.

मी मागे राहणार हे ठरलेलंच होतं. मी स्वयंपाकघरात पोहे भिजवत होते. गाडीची शिट्टी ऐकून बाहेर धावले.

साहेब पुढच्या डब्यातून, ऑफिसच्या समोर उतरले. उंच, किडकिडीत, गळाबंद कोट, चेहऱ्यावर रेघ हलत नाही. ह्यांनी सलाम केला. मागच्या डब्यांशी बरीच झोंबाझोंबी चालू होती, ती साहेबांना तिरक्या नजरेने दिसत असावी. गार्डाने झेंडी दाखवली, गाडी हलली, शेवटचा डबा निघून गेला, आणि मी फलाटाकडे पाहिलं.

फलाटावर कोणी नव्हतं.

निम्म्यांनी चढायचं होतं. पण निम्मे कोण हे ठरवायचं राहून गेलं होतं. ज्याच्या त्याच्या मनात आपण चढणाऱ्यांत होतो, आणि बरोबरच होतं त्यांचं. हातात विकत घेतलेलं तिकीट असताना खाली उभं राहायला कोणाचा जीव होणार? सगळी वस्ती गाडीत बसून चंडीगडला गेली होती. फाटकावर बीजींचा मुलगा, पोत्यांआड दोन जवान, आमचे हे, मी, आणि रुळापलीकडून साहेबांकडे रोखून पाहणारी मुकादमाची म्हैस, एवढीच लोकवस्ती उरली होती.

साहेबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग हिंदीत विचारलं, "या स्टेशनाचं गाव कुठे आहे?"

हे टोपी सारखी करू लागले. खोटं बोलायची सवय नाही, आणि खरं सांगायची सोय नाही. मी म्हटलं, "गाडीत आहे, साहेब."

"सगळं?"

मी म्हटलं, "एक बीजी आहेत, त्यांना घेऊन येते," आणि धावत सुटले. मला हसू फुटत होतं, ते कसंबसं ओठांत धरून मी बीजींच्या दारापर्यंत गेले. दाराला कडी होती. कडीला सुतळी बांधलेली होती. ओसरीवर खाट भिंतीला उभी केली होती आणि कोपऱ्यात त्यांच्या रोजच्या चपला होत्या. चांगल्या जुत्या नव्हत्या.

माझं हसू तिथेच विरलं. मी फाटकाकडे ओरडून त्यांच्या मुलाला विचारलं. त्याने नुसता हात लांब करून रूळ दाखवला, चंडीगडच्या दिशेने. त्यालाही ते खरं वाटत नसावं.

मग इतिहास-भूगोल सांगायला मी एकटीच उरले. मी साहेबांना हातपंप दाखवला आणि तीन राज्यं दाखवली. त्यांनी विचारलं, पंप नादुरुस्त झाला तर तक्रार कोणत्या राज्यात करता. मी म्हटलं, तिन्ही राज्यं दुसऱ्याचं नाव सांगतात, म्हणून सांधेवाला दुरुस्त करतो. मी त्यांना टाकी दाखवली, घोडा सांगितला, मडमही सांगितली. त्यांचा चेहरा तसाच. पोहे मात्र त्यांनी दोनदा घेतले आणि विचारलं की याला काय म्हणतात. मग बीजींची गोष्ट सांगितली, गाडी थांबली होती ती, आणि ती बाई तेव्हापासून गाडीत चढलेली नाही हे सांगताना मी अडखळले.

"आणि आज?" साहेबांनी विचारलं.

"आज चढल्या," मी म्हटलं. "का ते मला माहीत नाही."

दुपारी फोन आला. शहरात कुठेतरी गोळीबार झाला होता, बाजार बंद होत होते, गाडी कधी सुटेल ते सांगता येत नाही. ह्यांनी फोनचा दांडा फिरवून फिरवून विचारलं, पण पलीकडच्यालाही तेवढंच ठाऊक होतं. असे दोन-तीन तास गेले. साहेब ऑफिसात खुर्चीवर बसून होते. मी दाराशी उभी होते आणि एकेक घर मोजल्यासारखं बघत होते: सगळी बंद. सगळे माझ्या कॉलेजसाठी गेले होते. मला भीती वाटत होती. थांबा जाऊ दे, बी.एड. जाऊ दे, एवढी माणसं परत येऊ देत, असं मी म्हणत होते. नवसही बोलले, तो कुठल्या देवाला ते आठवत नाही. बहुधा सगळ्यांनाच.

मग घंटा झाली. गाडी सुटली होती.

ती लांबून दिसायच्या आधी ऐकू आली. पोरं दारांत लटकून ओरडत होती. गाडी उभी राहिली आणि आमचं गाव खाली ओतलं गेलं. कोणाच्या हातात प्लास्टिकची बादली, कोणाच्या हातात बांगड्या, मुकादमाने चक्क एक घड्याळ घेतलं होतं, त्याच्या बायकोच्या ओढणीत कोंबडीची पिलं होती. बाजार बंद व्हायच्या आत त्यांनी सगळं उरकलं होतं, शहरातल्या मोठ्या तळ्यावरही जाऊन आले होते, आणि गाडी अडकली तेव्हा स्टेशनावर बसून सगळ्यांनी मिळून भजी खाल्ली होती. आम्ही इथे देव पाण्यात घालून बसलो होतो आणि यांच्या भज्यांवर चटणीही होती. मला रडू आणि राग आणि हसू एकदम आलं. मी समोर येईल त्याला थोपटत सुटले, एका अनोळखी बैराग्यालाही थोपटलं.

बीजी सगळ्यांत शेवटी दारात आल्या. भरजरी नाही, पण ठेवणीतला पांढराशुभ्र दुपट्टा. एका हाताने दांडी धरलेली, दुसऱ्या मुठीत तिकीट. खाली पाहिलं, आणि पाऊल टाकेनात. मी पुढे व्हायच्या आत साहेब पुढे झाले. त्यांनी दोन्ही हात वर केले. बीजींनी त्यांच्या खांद्यावर सगळा भार टाकला आणि खडीवर उतरल्या.

उतरल्यावर त्यांनी साहेबांकडे वर मान करून पाहिलं. त्यांना कोणी सांगायची गरज पडली नाही की साहेब हाच.

"साहब," त्या म्हणाल्या, "ओदों गड्डी साडे वास्ते नहीं सी रुकी. इंजन नूं पाणी चाहीदा सी. असी उतर गए." तेव्हा गाडी आमच्यासाठी थांबली नव्हती, इंजिनाला पाणी हवं होतं, आम्ही उतरून गेलो. मग मूठ उघडून त्यांनी ते पिवळं, तेलाचा ठिपका पडलेलं तिकीट दाखवलं. "अज्ज टिकट है."

साहेबांनी विचारलं, "इतक्या वर्षांनी आजच का बसलात, माताजी?"

बीजींनी माझ्याकडे बोट केलं. "कुडी ने पढणा है."

बस्, एवढंच. पोरीला शिकायचंय. आणि मुलाच्या नावाने खडे फोडायला लागल्या की घरच्या म्हशीची धार अजून का काढली नाही.

मी तिथे उभी होते आणि मला कुठे बघावं ते कळत नव्हतं. ही बाई मला वरण येत नाही म्हणायची. माझ्या आईनेही मला एवढं काही दिलं नव्हतं, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि आजही ते खोटं वाटत नाही.

गार्ड शिट्टी तोंडात धरून उभा होता, पण साहेब खाली असताना गाडी कोण सोडणार. साहेब ह्यांना घेऊन जरा बाजूला गेले, पण एवढे नाही की मला ऐकू येऊ नये. ते म्हणाले, "थांबा मी वाचवू शकत नाही, मास्तर. एक दिवस तिकिटं विकल्याने काही होत नाही, हे तुम्हालाही कळतं." ह्यांनी मान खाली घातली. साहेब बाजूच्या लाईनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण रूळ एकेरी आहे. गाड्यांना कुठेतरी एकमेकींना वाट द्यावीच लागते. डोंगरातून खडीची मालगाडी येते ना? तिची आणि या पॅसेंजरची गाठ इथेच पडावी, असं बघता येईल. सकाळी रिकामी वर जाते तेव्हा, आणि भरून खाली येते तेव्हाही."

"म्हणजे पॅसेंजरला इथे उभं राहावं लागेल, सर," आमचे हे म्हणाले. नियमाचा माणूस.

"राहावं लागेल," साहेब म्हणाले. "पण तो थांबा नव्हे."

मग ते गाडीत चढले. जाताना त्यांनी मला नमस्कार केला आणि पोहे हा शब्द चुकीचा का होईना, पण म्हणून दाखवला.

नव्या वेळापत्रकात आमचं स्टेशन गाळलेलं होतं. पहिल्या दिवशी सकाळी खडीची रिकामी गाडी मुकाट्याने बाजूच्या लाईनवर येऊन उभी होती, पॅसेंजर तिच्यासाठी थांबली, मी चढले. परतीचं काही खरं नव्हतं. मालगाडी डोंगरातून वेळेवर निघाली असली तरच माझी गाडी थांबणार. ती निघालीच नसली तर मी सरळ कालक्याला. दिवसभर शिकवण्याच्या पाठात मी काय शिकवलं ते देव जाणे. परतीच्या डब्यात मी आधीपासूनच दारात जाऊन उभी राहिले. ओढा गेला. फाटक दिसलं. गाडीचा वेग काही कमी होईना. माझा हात दांडीवर घट्ट आवळला गेला, आणि मग पायाखाली ब्रेकचा तो लांब, किरटा आवाज झाला.

गाडी उभी राहिली. बाजूची लाईन रिकामी होती. मालगाडी आलीच नव्हती, पण निघाली होती, म्हणून वाट बघणं भाग होतं. मी उडी मारली. आख्खी वस्ती तिथे होती आणि प्रत्येक जण दुसऱ्याच कशासाठी तरी आलो असं भासवत होता. कोणी दातवण करत होतं, भर तिसऱ्या प्रहरी. आमचे हे झेंडी घेऊन ताठ उभे होते. ड्युटीवर होते. माझ्याकडे बघून हसले.

मग डोंगराच्या बाजूने खडीची गाडी आली, धुळीने माखलेली, जड, एकामागून एक उघडे डबे. कोणीतरी हात हलवला आणि मग सगळेच हलवायला लागले, पोरं शिट्ट्या मारायला लागली, जवान पोत्यांवर चढले, जणू काही वरातच आली. मी रुळाच्या कडेला उभी राहून त्या दगडांच्या गाडीला दोन्ही हात जोडले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं. शेवटच्या डब्यात तिचा गार्ड उभा होता. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने मागे वळून पाहिलं, की हे लोक नक्की कोणाला बघून एवढे खूश झालेत. मागे कोणी नव्हतं. मग त्याने टोपी काढून बगलेत धरली आणि गोंधळून, पण अगदी मनापासून, आम्हांला हात जोडले.